आधी पायमोजे काढायला सांग

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, ज्या क्लिनिकमध्ये मी जाणार आहे तिथे डायबेटिसचे बहुतेक पेशंट आफ्रिकन-अमेरिकन आहेत आणि पेशंटच्या समाधानाचे आकडे दहापैकी नऊच्या वर आहेत. मग मला सुधारणेचा प्रकल्प कशावर करायला सांगतायत?" तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमधून थेट वॉर्डकडे निघाले होते, नीट बोलता आलं नाही. तू 1 जुलैला अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात डॉक्टर म्हणून रुजू होण्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून लिहायला बसले आहे.

अमेरिकेत डॉक्टर म्हणून माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या एक बाई दर तीन महिन्यांनी माझ्याकडे यायच्या. वय अडुसष्ट, अठरा वर्षांची शुगर. रविवारी चर्चला जावं तशा नीटनेटक्या कपड्यांत यायच्या, जाड बदामी पायमोजे आणि नाडीचे बूट घालून. दरवेळी माझ्या हातावर हात ठेवून म्हणायच्या, "डॉक्टर, तुम्ही फार चांगल्या आहात." सर्व्हेच्या फॉर्मवर मला कायम दहा. आणि मी दरवेळी कॉम्प्युटरवर मागच्या भेटीची नोंद पुढे ओढायचे, "पाय : नॉर्मल." चौदा महिने मी त्यांचे पाय पाहिलेच नव्हते. बूट, मोजे काढायला पाच मिनिटं, परत घालायला पाच मिनिटं, आणि बाहेर आठ पेशंट ताटकळलेले.

एका दुपारी खोलीत शिरताच वास आला. उजवा मोजा काढताना तो कातडीला चिकटलेला होता, सलाइनने भिजवून सोडवावा लागला. करंगळीच्या बुडाशी कुरूप होतं, ते फाटून आत खड्डा झालेला. बुटातून शर्टाचं एक बटण निघालं. ते बटण किती दिवस टोचत होतं देवाला ठाऊक, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. दोन बोटं काढावी लागली. त्यानंतरच्या फॉर्मवरही त्यांनी मला दहाच दिले.

पुढे कधीतरी धीर करून मी विचारलं, पायाला मुंग्या येतात हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुम्ही इतक्या घाईत असायचात, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा."

तुझा प्रकल्प इथून सुरू होतो. फॉर्मवरचं त्यांचं समाधान खोटं नव्हतं. मी हसून बोलायचे, नातवंडांची चौकशी करायचे, त्याचे ते मार्क होते. मी उपचारांत काय राहू दिलं ते त्यांना कळायला मार्गच नव्हता. आणि आयुष्यभर ज्यांना दवाखान्यात तुसडेपणाच वाट्याला आला, त्यांना नुसतं माणसासारखं वागवलं तरी ते भरभरून मार्क देतात. शिवाय जे चिडून परत आलेच नाहीत त्यांचा फॉर्म तुझ्या ढिगात नसतोच. म्हणून ते नऊ बाजूला ठेव आणि त्याच पेशंटांच्या फायली काढ. वर्षभरात पाय किती जणांचे पाहिले? डोळ्यांचा पडदा किती जणांचा तपासला? लघवीतली प्रथिनं किती जणांची मोजली? हे दोन कागद शेजारी ठेवलेस की प्रश्न आपोआप दिसेल.

अमेरिकेत निदान झालेला डायबेटिस गोऱ्या प्रौढांत शंभरात सुमारे सात जणांना आहे, कृष्णवर्णीयांत सुमारे बारांना. पाय कापावा लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त. याला गरिबी आणि विमा कारणीभूत आहेतच. मिसिसिपीने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार अजून केलेला नाही, त्यामुळे मूलबाळ नसलेला, अपंग नसलेला धडधाकट गरीब माणूस त्यात बसतच नाही. मेडिकेअरवाल्यांना, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्या सरकारी विमाधारकांना, 2023 पासून इन्शुलिन महिन्याला 35 डॉलरच्या वर पडत नाही, पण त्यांचा पन्नाशीतला मुलगा इन्शुलिन पुरवून पुरवून टोचत असतो. म्हणून "औषध घेता का?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. "महिनाअखेरीस इन्शुलिन पुरतं का?" असं विचार.

पण सगळं खापर गरिबीवर फोडून आपण मोकळं व्हायचं नाही. 2008 साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका मोठ्या वैद्यकीय गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीएवनसी) सातच्या खाली असलेले गोरे पेशंट 47 टक्के, कृष्णवर्णीय 39 टक्के. यातला बराचसा फरक एकाच डॉक्टरच्या पेशंटांमधला निघाला. चांगले डॉक्टर एकीकडे आणि वाईट दुसरीकडे अशी विभागणी नव्हती, जवळजवळ प्रत्येकाच्याच यादीत ही दरी होती. मग त्यांनी डॉक्टरांना सांस्कृतिक जाणिवेचं प्रशिक्षण दिलं, प्रत्येकाच्या हातात त्याचे स्वतःचे आकडे ठेवले. डॉक्टरांची जाणीव वाढली, पेशंटांची साखर होती तिथेच राहिली. मी हे वाचलं तेव्हा मला ते बटण आठवलं. जाणीव मलाही कमी नव्हती गं. मोजा काढायची सवय नव्हती.

तेव्हा खोलीत न्यायच्या आधीच नर्सला सांगून ठेव, डायबेटिसच्या प्रत्येक पेशंटचे बूट-मोजे काढून ठेवायचे. तू आत जाशील तेव्हा उघडे पाय समोर असले की टाळायला सबब उरत नाही. बोटांच्या बेचक्यांत बघ, बुटात हात घालून बघ. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे पायाची जाणीव तपासायचा नायलॉनचा धागा, टेकवताना पेशंटला डोळे मिटायला सांग, नाहीतर आपल्याला बरं वाटावं म्हणून बघून "हो, लागलं" म्हणतात.

आता एक गोष्ट जी तुला तिथल्या बऱ्याच डॉक्टरांपेक्षा लवकर समजेल. आपल्या विदर्भात सिकलसेल, हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, काय असतो हे तू गडचिरोलीच्या इंटर्नशिपमध्ये पाहिलं आहेस. अमेरिकेत साधारण बारा-तेरा आफ्रिकन-अमेरिकनांमागे एकाला सिकलसेलचा एक जनुक असतो, म्हणजे आपण ज्यांना 'वाहक' म्हणतो ते. त्यांची एचबीएवनसी खऱ्या साखरेच्या मानाने कमी दिसू शकते. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर आणखीच कमी, कारण तांबड्या पेशी लवकर मरतात आणि साखर चिकटायला वेळच मिळत नाही. सरासरीने मात्र उलट दिसतं, त्याच साखरेला कृष्णवर्णीयांची एवनसी थोडी जास्त येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून रंगावरून अंदाज बांधायचा नाही. समोरच्या माणसाचं ग्लुकोमीटर उघडून आकडे बघायचे. एवनसी साडेसहा आणि सकाळची साखर दोनशे, असं जुळत नसेल तर प्रयोगशाळेच्या मशीनवर नाही, माणसावर विश्वास ठेव आणि शोध घे.

मूत्रपिंडाचंही असंच. कित्येक वर्षं प्रयोगशाळा कृष्णवर्णीय पेशंटच्या मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा 16 टक्क्यांनी वाढवून छापत होत्या, सूत्रातच तसं होतं. कागदावर मूत्रपिंड बरं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. 2021 मध्ये ते सूत्र बदललं. जुन्या फायलींमधले आकडे वाचताना हे डोक्यात ठेव.

आता हाक मारण्याबद्दल. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात म्हणून तूही सत्तरीच्या बाईला तशी हाक मारशील. नको. 1963 साली अलाबामात मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्तीला सरकारी वकील भर कोर्टात नुसतं 'मेरी' म्हणत राहिला. गोऱ्यांना मिस्टर-मिसेस आणि काळ्यांना नुसतं नाव, अशी तिथली रीत होती. 'मिस हॅमिल्टन' म्हणाल तरच उत्तर देईन, असं ती म्हणाली म्हणून तिला तुरुंग आणि दंड झाला. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तुझ्या पंचाहत्तरीच्या पेशंटने हे सगळं शाळेच्या वयात पाहिलं आहे. अरे-तुरे कोणाला आणि अहो-जाहो कोणाला, याचा हिशेब आपल्या गावांनीही जातीवरून कसा ठेवला होता हे तुला मी सांगायला नको. मिसेस अमुक, मिस्टर तमुक, आणि त्यांनीच सांगितलं तर मग पहिलं नाव.

अलाबामातल्या टस्कीगीच्या प्रयोगाबद्दल तू वाचलं असशील. 1932 ते 1972, चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी 399 कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना वाढू दिला, पेनिसिलिन हाताशी आल्यावरसुद्धा. ते विसरायचं नाहीच. पण पेशंटचा अविश्वास दिसला की लगेच "टस्कीगीमुळे" म्हणून फाइल बंद करू नकोस. बहुतेक वेळा कारण मागच्या महिन्यातलं असतं. रिसेप्शनवर कोणी झिडकारलेलं असतं, दुखतंय म्हटल्यावर गोळ्यांच्या व्यसनाचा संशय घेतलेला असतो.

तिथे बरेच लोक डायबेटिस म्हणत नाहीत, 'शुगर' म्हणतात. "मला थोडी शुगर आहे." अगदी आपल्या घरात म्हणतात तसं. हे ऐकलंस की सुधारायला जाऊ नकोस, तोच शब्द वापर. तुझे बाबाही शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतात हे सांगितलंस तरी चालेल, मी सांगते. त्यांच्या ताटातली चवळी मूळची आफ्रिकेतलीच, आणि चवळी काय, भेंडी काय, दोन्ही आपल्याही रोजच्या. छापील डाएटचा कागद देऊन "हे बंद, ते बंद" करण्याआधी घरी रविवारी काय शिजतं ते विचार. गोड चहाचा मोठा ग्लास दिवसातून चारदा जातो, हे मला त्या गप्पांतूनच कळलं. तेवढा निम्मा केला की अर्धी लढाई होते.

आणखी एक, हे जरा कडू आहे. तिकडे गेल्यावर आपल्याच मंडळींच्या घरी जेवायला बोलावतील आणि जेवताना "त्या लोकांबद्दल" ऐकवतील. मलाही ऐकवलं होतं. मी गप्प बसले, हसले, आणि ते कुठेतरी आत साठत गेलं असणार. त्या चौदा महिन्यांत त्याचाही वाटा होता का, हे मी स्वतःला अजून विचारते. तू गप्प बसू नकोस.

तुझ्यासाठी एक पाकीट पाठवते आहे. त्यात दोन मोनोफिलामेंट आहेत आणि पायाला कंप जाणवतो का ते बघायचा माझा जुना 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. दांड्यावर ओरखडे आहेत पण सूर चांगला आहे. पहिल्या सोमवारी कितीजणांचे मोजे काढलेस ते रात्री फोन करून सांग. मी जागी असेन.

तुझी,
मावशी