स्टीम घेतली की चरबी जळते का हो?

प्रश्न : मॅडम, माझं वय ४४, वजन ८१ किलो. आमच्या जिममध्ये स्टीम रूम सुरू झालीय. ट्रेनर म्हणतो आत बसलं की अंगात 'हीट शॉक प्रोटीन' तयार होतात आणि ती मायटोकॉन्ड्रियाला फॅट जाळायला लावतात. बाहेर आल्यावर वजनकाट्यावर खरंच अर्धा किलो कमी दिसतं. मग रोजचं चालणं सोडून नुसती स्टीम घेतली तर चालेल का? शिवाय तो व्यायामानंतर व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या पण घ्यायला सांगतो, त्या घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी त्या अर्ध्या किलोचं बघू. तो घाम आहे हो, घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायलात की आला परत. चरबी खरी जळते तेव्हा ती बहुतेक नाकावाटे जाते. २०१४ साली 'बीएमजे' (ब्रिटिश मेडिकल जर्नल) मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राउन यांनी हा हिशोबच मांडला होता, १० किलो चरबी पूर्ण जळाली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन.

पण ट्रेनर अगदीच थापा मारत नाहीये. ही प्रोटीन खरी आहेत आणि त्यांचा शोध मजेशीर आहे. इटलीत फेरुचिओ रितोसा नावाचे शास्त्रज्ञ केळ्यांवर घोंघावतात ना, त्या चिलटांवर काम करत होते, कोणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि मायक्रोस्कोपखाली बघतात तर चिलटांच्या लाळग्रंथीतली क्रोमोसोम भलत्याच जागी फुगलेली. म्हणजे एरवी गप्प असलेली जीन्स उष्णतेने कामाला लागली होती. १९६२ मध्ये त्यांनी हे छापलं, ती जीन्स कुठली प्रोटीन बनवतात ते कळायला १९७४ उजाडलं.

काम काय त्यांचं? उष्णतेने किंवा दमल्याने पेशीतल्या प्रोटीनच्या घड्या विस्कटतात, कपाटातल्या साड्यांसारख्या, आणि एचएसपी-७० (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीनच) सारखी मंडळी त्या परत नीट घालतात. ही एरवी एचएसएफ-१ नावाच्या स्विचला धरून बसलेली असतात, विस्कटलेलं काम वाढलं की तिकडे धावतात आणि स्विच मोकळा होतो. आता तुमच्या प्रश्नाशी जोडलेला भाग. हाच स्विच पीजीसी-१ अल्फा नावाचं प्रोटीन वाढवतो, म्हणजे नवे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, बनवायची ऑर्डर. २०१५ मध्ये लठ्ठ उंदरांना सेलास्ट्रॉल नावाचं रसायन देऊन हे दाखवलं गेलं, उंदीर बारीक झाले, आणि ज्यांच्यात एचएसएफ-१ च नव्हतं त्यांना फायदा झाला नाही. (सेलास्ट्रॉलच्या गोळ्या ऑनलाइन शोधू नका, ज्या चिनी वेलीतून ते येतं ती विषारी आहे.)

म्हणजे भट्ट्या वाढतात हे मान्य, पण भट्टी वाढली म्हणून चरबी आपोआप आत जात नाही! मायटोकॉन्ड्रियाच्या दारात सीपीटी-१ नावाचं एन्झाइम असतं आणि मॅलोनिल-कोए नावाचं रसायन ते दार बंद ठेवतं. खाऊन बसलेल्या माणसात ते भरपूर असतं. स्नायू राबले, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन कमी पडलं की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं, मॅलोनिल-कोए घटतं, दार उघडतं आणि मग चरबीतलं फॅटी ॲसिड आत जाऊन दोन-दोन कार्बनचे तुकडे होत जळतं. मागणीच नसेल तर जळून करायचं काय? आणि ही मागणी चालण्याने जशी येते तशी बाकावर बसून घाम गाळल्याने येत नाही, हे माझं स्पष्ट मत.

माणसांवर काहीच झालं नाही असंही नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत ८ डायबेटिसच्या पेशंटना ३ आठवडे, आठवड्यातले ६ दिवस अर्धा-अर्धा तास गरम पाण्याच्या टबात बसवलं, उपाशीपोटीची साखर सरासरी १८२ वरून १५९ वर आली. छान आहे, पण ८ च माणसं, आणि विचार होता तो ज्यांना व्यायाम जमतच नाही त्यांच्यासाठी. तुमचे पाय तर धडधाकट दिसताहेत.

गोळ्यांचं मात्र सरळ सांगते, डॉक्टरांनी दिल्या नसतील तर घेऊ नका. व्यायामात तयार होणारा थोडासा ऑक्सिडेटिव्ह ताण हाच शरीराला सुधारायचा निरोप असतो, आणि सी-ई सारखी अँटिऑक्सिडंट तोच ताण कमी करतात. २००९ च्या एका जर्मन प्रयोगात ४ आठवडे व्यायाम करणाऱ्यांपैकी काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं, तर त्यांची इन्शुलिन सेन्सिटिव्हिटी (म्हणजे शरीर इन्शुलिनला किती नीट दाद देतं ते) सुधारली नाही, गोळ्या न घेणाऱ्यांची सुधारली. लिंबू, आवळा, पेरू बिनधास्त खा, त्याचं काही नाही.

स्टीम आवडते तर चालून झाल्यावर घ्या की, थोडा वेळच बसा आणि आधी-नंतर पाणी प्या. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, उठताना चक्कर येऊ शकते. आणि घरातलं कोणी इन्शुलिन घेत असेल तर त्याला इंजेक्शननंतर लगेच आत पाठवू नका, उष्णतेने इन्शुलिन लवकर शोषलं जातं आणि साखर एकदम खाली येते.