रंग सरकला, पण घडलं काय?

उद्यमबाग, बेळगाव

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

द्रावणात बुडवलेल्या काचेवरच्या सोन्याच्या 50 नॅनोमीटर कणांना ऋण व्होल्टेज दिलं, सूक्ष्मदर्शकात त्यांचा रंग सव्वा नॅनोमीटर निळ्याकडे सरकला आणि तू ‘अभिक्रिया सापडली’ म्हणून मोकळी झालीस. जरा थांब की ग!

धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलतात. जितकी त्यांची दाटी, तितकी झुलण्याची लय जलद. ऋण व्होल्टेजने कणात थोडे इलेक्ट्रॉन जास्त शिरतात आणि रंग निळ्याकडे जातो. एकही रेणू न बदलता! हिशेब कर: इलेक्ट्रॉन 1 टक्क्याने वाढले तर शिखर, म्हणजे कण सर्वात जास्त चमकतो ती तरंगलांबी, साधारण अर्धा टक्का सरकतं; 540 नॅनोमीटरवर सुमारे पावणेतीन नॅनोमीटर. तुझा सव्वा नुसत्या चार्जिंगमध्ये, म्हणजे या इलेक्ट्रॉन भरण्यात, खपून जातो. मी याच खड्ड्यात तीन महिने काढलेत.

तेव्हा आधी कोरं माप घे. द्रावण तेच, व्होल्टेज तेच, फक्त अभिक्रिया करणारा पदार्थ नको. कण नसलेली जागाही मोज. फार ऋण बाजूला गेलीस तर कणांखालची आयटीओ काच (वीज वाहणारा पारदर्शक थर दिलेली) स्वतःच काळवंडते. आणि सूक्ष्मदर्शकाचा फोकस सरकला तरी शिखर सरकल्यासारखं दिसतं, हे विसरू नको.

मग एवढा खटाटोप प्रकाशाचा कशाला, करंट आहेच की, असं कुणी विचारेलच. त्याला इथल्या प्लेटिंगच्या टाकीपाशी ने. जिगवर, म्हणजे टांगणीच्या चौकटीवर, मुलामा द्यायचे शंभर जॉब टांगलेले, अँमीटर आकडा एकच दाखवतो. कुठला जॉब उपाशी राहिला ते बाहेर काढल्यावरच कळतं. करंट म्हणजे सगळ्यांची बेरीज. प्रकाश एकेका कणाची हजेरी घेतो. 2010 मध्ये अमेरिकेतले संशोधक नोंगजियान ताओ यांच्या गटाने सोन्याच्या पातळ थरावर प्रकाशातूनच जागोजागचा करंट काढून दाखवला, तो याचसाठी.

तुला सुरुवात चांदीने करायला सांगेन. निपाणीपलीकडे हुपरीतल्या कारागिराला चांदीवर काय चढलंय ते नजरेनेच कळतं. तुझं काम तेच, फक्त बारीक. मिठाच्या पाण्यात धन व्होल्टेज दे. सिल्व्हर क्लोराइडचा थर चढेल, त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो याचं माप) 2 च्या आसपास, पाण्याहून बराच जास्त, त्यामुळे रंग तांबड्याकडे जाईल आणि कणाची चमक मंदावेल. उलट फिरवलंस की परत येईल, पण बहुधा पुरता नाही, कारण कणाचा आकार बिघडलेला असतो. चार्जिंग असं मागे काही ठेवत नाही.

कोऱ्या मापाच्या कच्च्या फाइली पाठव, सजवलेले आलेख नकोत. पुढच्या रविवारी बसू.