इम्युनिटी म्हणजे माफी, प्रतिकारशक्ती नव्हे

एका ताईंनी विचारलंय, ९/११ मधे गेलेल्यांच्या घरच्यांनी अमेरिकेत सौदी अरेबियावर दावा लावलाय, अतिरेक्यांना पैसा-मदत पुरवल्याचा, त्या बातमीतल्या 'सॉव्हरिन इम्युनिटी'ला, म्हणजे एका देशावर दुसऱ्या देशाच्या कोर्टात दावा चालवता येत नाही त्या सवलतीला, 'सार्वभौम प्रतिकारशक्ती' म्हटलं तर चालेल का, आणि 'ज्युरिस्डिक्शन' म्हणजे अधिकारक्षेत्रच ना.

नाही चालणार! कोरोनापासून जिथे इम्युनिटी दिसेल तिथे लोक प्रतिकारशक्ती चिकटवतात आणि माझं डोकं फिरतं. शरीराचा अर्थ सोडा, तो वैद्यकात रूढ झाला एकोणिसाव्या शतकात. मूळ लॅटिन 'मुनुस', म्हणजे समाजाचं देणं, सेवा, कर. ते ज्याला लागू नाही तो 'इम्युनिस', आणि ज्यांनी ते अंगावर घेतलं त्यांचं गाव 'म्युनिसिपियम', म्हणजे आपली म्युनिसिपालिटी आणि इम्युनिटी सख्ख्या बहिणी!

आणि याला आमच्या ग्वाल्हेरात शब्द केव्हाचा आहे, माफी. शिंद्यांच्या राज्यात देवळांना सारा न लावता दिलेली ती माफीची जमीन, ती ज्याच्याकडे तो माफीदार. अरबीत बघा, 'मुआफ' म्हणजे सूट मिळालेला आणि त्याच धातूतून 'आफियत', म्हणजे तब्येतीची खुशाली. देण्यातून सुटका आणि निरोगीपण, लॅटिन शब्दाला जे दोन अर्थ चिकटले तेच दोन अरबीत एका धातूच्या पोटात, मला हे सापडलं त्या रात्री झोप लागली नाही.

परिभाषावाले 'उन्मुक्ती' म्हणतात, राज्यघटनेच्या हिंदी पाठात तोच आहे. हिंदीत असू दे, मराठी कानाला उन्मुक्त म्हणजे बेबंद. त्यांचा आक्षेप असा की माफी म्हटलं की क्षमा वाटते. साफ चूक. कर्जमाफी, फीमाफी आपण रोज बोलतो, त्यात कोण कुणाला क्षमा करतं? म्हणून माझा शब्द 'दावामाफी'. दोष आहे की नाही हा प्रश्नच नाही, कोर्टाने त्यात शिरायचंच नाही. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने परक्या देशांना ही माफी आहे, १९९६ मधे दहशतवादाचे पाठीराखे म्हणून सरकारी यादीत असलेल्या देशांची काढली, सौदी त्या यादीत नाही म्हणून २०१६ मधे ओबामांचा व्हेटो मोडून, यादीत नसलेल्या देशावरही असा दावा लावू देणारा 'जास्टा' कायदा आला.

आपल्याकडेही दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ आहेच, परक्या देशावर केंद्र सरकारच्या संमतीशिवाय दावा नाही. पूर्वी हे संस्थानिकांनाही होतं, १९३८ मधे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, बडोद्याच्या रेल्वेवरचा दावा उडवला, का तर रेल्वे म्हणजे खुद्द गायकवाड महाराज आणि संमती घेतलेली नव्हती. दावामाफीचं याहून चांगलं उदाहरण कुठलं देणार!

हां, ज्युरिस्डिक्शन. अधिकारक्षेत्र म्हटलं की नकाशा दिसतो, त्यापेक्षा जुना 'अखत्यार' घ्या. दावामाफी लागू असली की तिथल्या कोर्टाला अखत्यारच राहत नाही.