स्क्रिप्टमधून चालू प्रोग्रॅमला कंट्रोल-सी कसं द्यायचं?

तुम्ही म्हणताय, बॅश स्क्रिप्टमध्ये & लावून (म्हणजे बॅकग्राउंडला) सुरू केलेला पायथन प्रोग्रॅम ‘किल -इंट’ला (कंट्रोल-सीचाच सिग्नल, सिगइंट) दाद देत नाही, मग सरळ ‘किल -९’ (जबरदस्तीने मारणारा सिग्नल) वापरू का?

नका वापरू. याच -९वरून आमच्या टीममधले एक सीनियर आणि मी कितीतरी दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हतो.

रात्री टेस्ट चालायच्या तेव्हा आम्ही स्क्रीन रेकॉर्ड करायचो. एक छोटा पायथन प्रोग्रॅम एफएफएमपेग (व्हिडिओ रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम) सुरू करायचा आणि टेस्ट संपल्या की स्क्रिप्ट त्याला थांबवायची. टर्मिनलवर हाताने चालवून कंट्रोल-सी दाबलं की सगळं नीट बंद व्हायचं. स्क्रिप्टमधून तोच सिग्नल पाठवला की प्रोग्रॅम ढिम्म. साहेबांनी ठरवून टाकलं की पायथनच भिकार आहे, आणि पायथन आणि एफएफएमपेग दोघांवरही -९ लावून मोकळे झाले. सकाळी फोल्डरमध्ये एमपी४ फाइली, साइझही भरभक्कम, पण एक उघडेल तर शपथ. ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’. कुठली फ्रेम फाइलीत कुठे आहे याची अनुक्रमणिका म्हणजे हा मूव्ह ॲटम, आणि एफएफएमपेग तो एरवी सगळ्यात शेवटी लिहितो. -९ प्रोग्रॅमला पकडताच येत नाही, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर त्याचा निकाल लावतं, त्यामुळे शेवटचं काही लिहायला संधीच नाही. साहेब म्हणाले, डिस्क खराब आहे. डिस्क बदलली. फाइली तशाच.

मी सांगत होतो ते असं. स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल (चालू कमांड वेगवेगळ्या सांभाळायची सोय) बंद असतो, आणि तो बंद असताना & लावलेली कमांड शेल (इथे बॅश) सुरू करतं तीच सिगइंटकडे दुर्लक्ष करायला सांगून. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातच तसा नियम आहे. प्रोग्रॅमने स्वतःचा हँडलर (सिग्नल आला की चालणारा कोड) बसवला तर वेगळी गोष्ट, एफएफएमपेग बसवतो. पण पायथनला सुरुवातीलाच सिगइंट दुर्लक्षित दिसला तर तो कीबोर्ड-इंटरप्टच्या (सिगइंट आल्यावर पायथन एरवी देतो त्या एररच्या) वाटेला जातच नाही. स्क्रिप्टच्या वर ‘सेट -एम’ ही ओळ टाका. मग प्रत्येक & जॉबला स्वतःचा प्रोसेस ग्रुप (तो आणि त्याने सुरू केलेले प्रोग्रॅम, असा गट) मिळतो आणि ‘किल -इंट -- -$!’ असं उण्यासकट दिलं ($! म्हणजे शेवटच्या & कमांडचा पीआयडी, प्रोसेसचा नंबर) की पायथन आणि त्याने सुरू केलेला एफएफएमपेग, दोघांनाही सिग्नल जातो. कंट्रोल-सी दाबल्यावर टर्मिनलही हेच करतं, समोर चालू असलेल्या पूर्ण ग्रुपला सिगइंट. त्या रात्रीपासून फाइली उघडायला लागल्या. यावर साहेबांचं उत्तर: ‘चाललं नशिबाने, पण -९ खात्रीचा.’ खात्री कसली? प्रोग्रॅम मेल्याची. काम पुरं झाल्याची नाही.

किलच्या खाली ‘वेट $!’ हवंच. किल नुसता निरोप देतं, प्रोग्रॅम आवरेपर्यंत थांबत नाही. पुढच्याच ओळीत फाइल कॉपी केलीत तर पुन्हा अर्धवट एमपी४.

ठरावीक वेळानेच थांबवायचं असेल तर ही सगळी उठाठेव नको. & न लावता कमांडच्या आधी ‘टाइमआउट -एस इंट -के १० ६०’ लावा. ६० सेकंदांनी सिगइंट, त्यानंतरही हटला नाही तर १० सेकंदांनी किल. वेळ संपून थांबला तर एक्झिट कोड १२४, किलपर्यंत गेलं तर १३७. आणि ‘एको’ने इनपुटमध्ये ३ नंबरचा बाइट ढकलायचे उद्योग करू नका. कंट्रोल-सीचा सिग्नल टर्मिनल ड्रायव्हर बनवतो, पाइपला (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीला) त्यातलं काही कळत नाही. अगदीच तसं हवं असेल तर टीमक्सचं (टर्मिनल सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) ‘सेंड-कीज’ आहे.

‘सेट -एम’चा एक त्रास सांगायचा राहिला: तुम्ही स्वतः स्क्रिप्टवर कंट्रोल-सी दाबलंत तर ते & जॉबपर्यंत पोचणार नाही, ‘ट्रॅप’ (सिग्नल आला की काय करायचं ते सांगणारी ओळ) लिहावा लागेल. शिवाय पाइप असेल तर $! मध्ये शेवटच्या कमांडचा पीआयडी येतो आणि ग्रुपचा नंबर मात्र पहिल्या कमांडचा असतो. तिथे ‘किल -इंट %१’ द्या (%१ म्हणजे पहिला जॉब).

प्रोग्रॅम खरोखरच हँग झाला असेल तर -९ मीही देतो. पण आधी इंट, मग टर्म (थांबण्याची विनंती करणारा सिग्नल), थोडी उसंत, आणि मगच. खराब डिस्ककडून उत्तर येण्याची वाट बघत ‘डी’ अवस्थेत अडकलेली प्रोसेस तर -९नेही जागची हलत नाही, म्हणजे डिस्क खरंच खराब असती तरी साहेबांचा खात्रीचा उपाय चाललाच असता असं नाही.