मुलाचं अमेरिकेतलं लायसन्स

प्रश्न : मुलगा एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकायला गेलाय. तिथला नागरिक नसताना त्याला लायसन्स मिळेल का? सांगलीच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना त्याच्याकडे आहे.
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, मिळेल. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), आय-२० (विद्यापीठानं दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जवळ हवा; बाकी कागद राज्यागणिक बदलतात. विद्यापीठातली नोंदणी पूर्ण होण्याआधी लायसन्सच्या कार्यालयात जायची घाई नको. कागद सरकारी नोंदींशी ताडून बघतात, नोंद पोचलेली नसली की काम अडकतं. लायसन्सची मुदत सहसा मुक्कामाच्या परवानगीपुरतीच असते. गाडी चालवायची नसेल, तर नुसतं ओळखपत्रही मिळतं.

आणि हे त्याला आजच फोन करून सांगा. अर्जाच्या वेळी बहुतेक राज्यांत मतदार नोंदणीबद्दल विचारतात. तिथे त्यानं स्पष्ट ‘नाही’च म्हणायचं. घाईत ‘नागरिक आहे’ अशी खूण झाली, तर व्हिसापासून पुढच्या ग्रीन कार्डापर्यंत सगळं धोक्यात येतं. पोरं न वाचता सही करतात, म्हणून मला याचीच जास्त काळजी वाटते.

आंतरराष्ट्रीय परवाना जास्तीत जास्त वर्षभर चालतो, तोही मूळ भारतीय लायसन्स सोबत असेल तरच. काही राज्यांत त्याआधीच स्थानिक लायसन्स काढावं लागतं.