नरलांडग्याची प्रेमकथा: टोळी कुठे ठेवायची?

प्रश्न : कॉलेजातल्या मुलीची आणि नरलांडग्याची (लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसाची) प्रेमकथा तीन भागांत लिहितेय. टोळी ताडोबाच्या दाट जंगलात ठेवली आहे. रूप फक्त पौर्णिमेला बदलतं. दुसऱ्या भागात कथा अडलीय. काय करू?
— एक वाचक, वणी तालुका

उत्तर : आधी टोळी हलवा. आपला लांडगा माळरानाचा आणि झुडपी रानाचा प्राणी. दाट सागवनात वाघ आणि रानकुत्र्यांचं राज्य. कारंजा-सोहोळसारखं काळविटांचं माळरान घ्या. शेजारी मेंढपाळांचे वाडे असले की संघर्षही आपसूक मिळतो. टोळी म्हणजे आई-बाप आणि पिल्लं, एक कुटुंबच. त्यामुळे ‘म्होरक्याशी झुंज’ या ठरीव प्रसंगापेक्षा मुलानं घर सोडून जाणं जास्त खरं आणि जास्त जिव्हारी लागणारं.

अडलंय ते पंचांगामुळे. दोन पौर्णिमांत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे वर्षात बारा, अधिक मास आला तर तेरा. तारखा आधी मांडा, मग प्रसंग. कोजागिरीला अख्खं गाव गच्चीवर दूध आटवतंय आणि नायक दरवर्षी नेमका गायब. नायिकेला संशय इथेच येऊ द्या, पण उलगडा दुसऱ्या भागासाठी राखा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारास उगवतो, मध्यरात्री नव्हे. ही चूक फार होते. आणि ढगाआडच्या चंद्रानं रूप बदलतं का, हे पहिल्याच भागात ठरवा. नाहीतर आषाढ-श्रावणात पुन्हा अडाल.