नागपुरातल्या आरोग्य संस्थेचं कार्यालय आणि कार्यक्रम पर्यावरणपूरक करायचे, तर सुरुवात कुठून करावी?

मी इथल्याच एका आरोग्य संस्थेत खरेदी आणि कार्यक्रमांची व्यवस्था बघते. माझं सरळ उत्तर: आचाऱ्याला आणि बिछायतवाल्याला देता त्या ऑर्डरपासून. कार्यक्रमाच्या दिवशी दारात कचरापेट्या मांडेपर्यंत उशीर झालेला असतो.

आपल्या क्षेत्रात एक समज खोल रुजलाय: एकदा वापरून फेकलं की ते स्वच्छ. सुईच्या बाबतीत हे पूर्ण खरं, तिथे काटकसर नकोच. पण तोच न्याय आपण चहाच्या कपालाही लावतो. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो धड रद्दीत जात नाही की खतात. स्टीलचे पेले मागवा, पण ते धुतात कसे हे स्वतः उभं राहून बघा. एकाच बादलीत दिवसभर पेले बुचकळतात, म्हणून डॉक्टर मंडळी स्टीलला नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. साबण, वाहतं पाणी, पेले उपडे घालून वाळवायला जागा आणि भांडी धुणाऱ्या बाईंची वेगळी मजुरी, हे सगळं ऑर्डरमध्ये लिहूनच घ्या. जेवणाला पळसाच्या पत्रावळी छानच. मात्र मशीनवर दाबलेल्या बऱ्याच पत्रावळींना खालून प्लास्टिकचा कागद असतो, तेव्हा एक फाडून बघा.

बॅनर फ्लेक्सचा नको, कापडी करा. त्यावर संस्थेचं नाव आणि विषय एवढंच छापा. तारीख टाकली की तो एका दिवसाचा होतो.

शिबिरात साखर तपासत असाल तर फार जपा. २०१६ चे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. टोचायच्या सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. नाश्त्याच्या पत्रावळींजवळ ही पिशवी ठेवूच नका. लोक घाईत असतात, हाताशी येईल त्यात टाकतात, आणि पुढे तो ढीग उपसणाऱ्या सफाई कामगाराच्या हाताला सुई लागते.

काटोल, उमरेड, रामटेकच्या आशाताईंचं प्रशिक्षण असेल तर सगळ्यांना नागपुरात बोलावण्यापेक्षा प्रशिक्षकालाच तालुक्याला पाठवा. शहरातच घ्यायचं तर सभागृह मेट्रो स्टेशनजवळचं बघा. मे महिन्यात सकाळी आठला सुरू करून बाराच्या आत संपवा. एसीचं बिल वाचतं आणि कुणाला उन्हातून परतावं लागत नाही.

कार्यालयात पाठकोरे कागद वगैरे सगळे करतातच. खरा खर्च गारव्याचा. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २६ वर ठेवून पंखा लावा, काम निभतं. कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रं शहराला लागून आहेत. आरोग्याचं काम करणाऱ्यांनी तरी तो धूर हिशेबात धरायला हवा.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत काम करतो, म्हणून तो जरूर ठेवा. पण डेंग्यूचा डास त्याच टाकीत वाढतो. दर आठवड्याला एक वार ठरवून टाकी रिकामी करा आणि आतून घासून कोरडी करा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात.